निवडीची मुभा आणि सल्ल्याची तरतूद

बारावीचा निकाल लागल्यापासून पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश आटोपेपर्यंत जे काही आठवडे जातात, त्यांत महाराष्ट्रातील लक्षावधी मुलामुलींच्या पुढील आयुष्याची दिशा बऱ्याच अंशी ठरून जाते. आणि ती ठरत असताना त्यांच्याशेजारी बसून, त्यांची ओढ कशाकडे आहे, घरची परिस्थिती काय आहे, पुढे काय करण्याचा मानस आहे, याची आस्थेने विचारपूस करणारे एखादे जाणते माणूस त्यांपैकी बहुतेकांना लाभत नाही. आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेतील ही उणीव इतकी जुनी आहे की तिला उणीव मानण्याचेही आपण सोडून दिले आहे.

पूर्वी ती एका परीने झाकली जात असे, कारण निवडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. कला शाखेत नाव घालणाऱ्याने महाविद्यालयाने आखून दिलेल्या विषयगटांपैकी एक पत्करावा, पुढे त्यातलाच एक विषय ‘स्पेशल’ म्हणून घ्यावा आणि तिसऱ्या वर्षाअखेर पदवी पदरात पाडून घ्यावी, असा शिरस्ता होता. त्या चाकोरीत गुणी विद्यार्थ्याची घुसमट होई हे खरे. परंतु तीत वाट चुकण्याचा संभवही बेताचाच होता, आणि चुकलेच तर त्याच वाटेने चुकलेले वर्गमित्र सोबतीला असत.

आता तशी स्थिती राहिलेली नाही. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संमत केले, २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने त्याला अनुसरून पदवी अभ्यासक्रमांचा आराखडा घालून दिला, आणि स्वायत्त महाविद्यालयांमागोमाग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यामुळे पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलापुढे आज जो तक्ता ठेवला जातो, त्यात मेजर म्हणजे मुख्य विषय आहे, मायनर म्हणजे जोडविषय आहे, मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावयाची ओपन इलेक्टिव्ह आहे, व्यावसायिक कौशल्याचा एक अभ्यासक्रम, कौशल्यवृद्धीचा दुसरा, भाषेचा तिसरा, शिवाय मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम आणि पुढल्या वर्षांत क्षेत्रीय प्रकल्प व प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असा सगळा विस्तार आहे. आणि यांतील प्रत्येक रकान्यापुढे श्रेयांकांचा, म्हणजे मुले ज्याला सरळ ‘क्रेडिट’ म्हणतात त्याचा, आकडा आहे. पंधरा तासांच्या अध्यापनाचे एक क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांचे. वर्षाची ४० ते ४४, तीन वर्षांची १२० ते १३२, आणि चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यावयाचे तर १६० ते १७६. पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र घेऊन किंवा दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे, पण त्यासाठी जादा चार क्रेडिटचे कौशल्याचे काम पुरे करावे लागते. परत यावयाचे तर तीन वर्षांच्या आत यावे लागते, आणि सारे शिक्षण सात वर्षांच्या मुदतीत उरकावे लागते. मिळवलेली क्रेडिट २०२१ पासून सुरू झालेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात.

या योजनेचा मी मनःपूर्वक समर्थक आहे, आणि पुढे जे म्हणावयाचे आहे ते योजनेच्या विरोधात नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. विद्याशाखांच्या ज्या भिंतींनी इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्रापासून आणि रसायनाच्या विद्यार्थ्याला साहित्यापासून कित्येक पिढ्या अलग ठेवले, त्या भिंतींना या आराखड्याने दारे पाडली आहेत. आक्षेप एवढाच की कोणते दार कोठे उघडते हे सांगणारा माणूस दारापाशी ठेवण्याची तजवीज कोणीही केली नाही.

एक उदाहरण घेतो. तालुक्याच्या गावातील एक मुलगी कला शाखेत अर्थशास्त्र घेते. दहावीनंतर तिने गणित सोडलेले आहे, कारण अकरावीत कला शाखा घेतली म्हणजे गणित सुटते अशीच तिच्या गावची समजूत. पदवीपर्यंत तिचे निभावते, गुणही चांगले मिळतात. पण अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या पायरीवरच तिला कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र भेटते, नामवंत संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचे प्रश्न असतात, आणि जिला विषयाची खरी गोडी लागली होती ती मुलगी आयुष्यभर अशी समजूत करून घेते की आपली बुद्धीच तोकडी पडली. जुन्या व्यवस्थेत तिच्यापाशी यावर उपाय नव्हता. नव्या व्यवस्थेत तो आहे. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावी असा जो नियम तिला कदाचित जाचक वाटला असेल, त्याच नियमाच्या आधाराने ती पहिल्याच सत्रात प्राथमिक गणित घेऊ शकते, पुढच्या सत्रात संख्याशास्त्र घेऊ शकते, आणि तीन वर्षांत ती उणीव बिनबोभाट भरून काढू शकते. महाविद्यालयात तो विषय नसेल तर केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचावरील अभ्यासक्रम पत्करून, विद्यापीठाच्या मान्यतेने, त्याची क्रेडिट जमा करून घेण्याचीही सोय आहे. पण हे तिला कोणीतरी जूनमध्ये सांगितले पाहिजे. तिसऱ्या वर्षाच्या निरोपसमारंभात सांगून त्याचा उपयोग नाही.

जूनमध्ये तिला कोण भेटते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रवेशाचे अर्ज आता ऑनलाइन भरावयाचे असतात; घरी संगणक नाही, मोबाइलवर ते भरणे जिकिरीचे, म्हणून मुले एसटी स्टँडाजवळच्या नेट कॅफेत किंवा महा-ई-सेवा केंद्रात जातात. गेल्या वर्षी अशाच एका केंद्रात काही कामानिमित्त मी बसलो होतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि जातीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन वडिलांसह आलेली एक मुलगी संगणकावरील तरुणाशेजारी उभी होती. नाव, पत्ता, आधार क्रमांक हे रकाने झरझर भरले गेले, आणि मग तो थांबून म्हणाला, ‘ताई, मायनर काय टाकू?’ तिने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, ‘तुम्हीच बघा दादा, सोपं असेल ते टाका.’ त्याने यादी उघडली, वरून दुसरे नाव निवडले, ‘हे सगळे घेतायत,’ असे तिला धीर देत सांगितले, आणि पुढचा रकाना उघडला. त्याच्या मागे रांग होती. तो सालस होता, मदत करण्याचाच त्याचा हेतू होता. परंतु विद्यापीठाच्या अधिकारमंडळांनी एवढ्या बैठका घेऊन जो निर्णय विद्यार्थिनीच्या हाती सोपवला होता, तो अर्ध्या मिनिटात, त्या विषयाचे नावही पूर्वी न ऐकलेल्या एका परक्या माणसाने घेतला, आणि ती मुलगी पैसे देऊन पावती घेऊन बाहेर पडली.

महाविद्यालयात गेल्यावर तरी तिला हवा तो सल्ला मिळेल का? येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे बोलावी लागते, आणि अध्यापनाच्या व्यवसायाविषयी मनात आदर असल्यामुळेच ती बोलतो. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा अध्यापनाचा कार्यभार सोळा तासांचा धरला जातो; विषयाला पुरेसे विद्यार्थी मिळाले तर तुकडी टिकते, तुकडी टिकली तर कार्यभार टिकतो, आणि कार्यभारावर पद टिकते. नव्या आराखड्यात विद्यार्थ्यांना विषय सोडण्याची मोकळीक मिळताच ज्या विभागांची विद्यार्थिसंख्या आधीच रोडावलेली होती, त्यांच्या शिक्षकांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक होते. तत्त्वज्ञानाच्या, भाषांच्या, भूगोलाच्या कित्येक जाणत्या प्राध्यापकांना प्रवेशाच्या दिवसांत स्वागतकक्षाच्या मेजामागे बसून आपल्या विषयासाठी मुले मिळवावी लागतात. अशा वेळी ‘तुझ्यासाठी माझ्या विषयापेक्षा तो दुसरा विषय हितकर आहे’ असे सांगण्याची अपेक्षा ज्याच्याकडून आपण करतो, त्याच्या चरितार्थाचा प्रश्न त्या उत्तरात गुंतलेला असतो. पुष्कळ शिक्षक तरीही खरे तेच सांगतात, हे त्यांचे थोरपण. पण व्यवस्था कोणाच्या थोरपणाच्या भरवशावर उभी करू नये.

याला वेळापत्रकाची जोड मिळते. छापील माहितीपत्रकात मायनरचे आठ पर्याय असले तरी मेजरच्या तासांशी टक्कर न होणारे त्यांत दोनच निघतात, आणि त्यांपैकी एकाचा वर्ग पुरेशा संख्येअभावी भरत नाही. जेथे फक्त कला विद्याशाखा आहे अशा लहान महाविद्यालयात ओपन इलेक्टिव्हसाठी दुसरी विद्याशाखा आणावयाची कोठून, हा प्रश्न वेगळाच. म्हणजे निवड पुष्कळदा तास आणि खोल्या यांच्या हिशोबानेच झालेली असते, आणि विद्यार्थ्याने केवळ संमतिपत्रावर सही केलेली असते.

विषयांची मोकळीक देताना सल्ल्याची व्यवस्थाही करावी लागते, ही गोष्ट जगाने सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवाने जाणली आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे अध्यक्ष होते. त्यांनी ग्रीक-लॅटिनच्या सक्तीची जुनी चौकट मोडून विद्यार्थ्याला जवळजवळ सर्वच विषय स्वेच्छेने निवडण्याची मुभा दिली. ती देताच नवागत विद्यार्थ्यांची गोंधळलेली अवस्था ध्यानात आली, आणि १८८९ मध्ये तेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागार प्राध्यापकांचे मंडळच नेमावे लागले. एलियटांच्या मागून आलेल्या लॉवेल यांनी तर, केवळ सल्ला पुरत नाही असे पाहून, एका विषयात खोली आणि उरलेल्यांत विस्तार असा दुहेरी दंडक घातला. आज आपण ज्याला मेजर म्हणतो त्या कल्पनेच्या घडणीत या घडामोडीचाही वाटा आहे. हार्वर्डमध्ये त्या काळी येणारी मुले प्रायः सुशिक्षित, सुखवस्तू घराण्यांतली होती. त्यांनाही सल्लागाराची गरज भासली. मग ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच माणूस आहे, अशा आपल्या मुलांची गरज किती अधिक असेल!

मोकळीक आणि मार्गदर्शन यांचा संयोग घडला म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि १९१६ पर्यंतच्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम केले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ठरीव विषयांची पदवी घेऊन गेलेल्या त्या तरुणाने ज्ञानाच्या एवढ्या विस्तृत प्रदेशात संचार केला, आणि तरीही सार्वजनिक अर्थकारण हा त्या संचाराचा मध्यबिंदू कधी सुटला नाही; त्याचे श्रेय अर्थातच प्रथम त्यांच्या असामान्य प्रज्ञेला व परिश्रमांना आहे. पण त्यांच्या पाठीशी एडविन सेलिग्मन यांच्यासारखा अर्थशास्त्राचा आचार्य उभा होता, हेही विसरता येत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला प्रस्तावनाही सेलिग्मन यांनीच लिहिली. असा गुरू प्रत्येकाला मिळणे शक्य नाही. परंतु पहिल्या सत्रात अर्धा तास बसून आपला तक्ता समजावून देणारा एक शिक्षक प्रत्येकाला मिळणे शक्य आहे, आणि मागणे तेवढेच आहे.

हे मागणे नवेही नाही. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या जूनअखेर आपला अहवाल भारत सरकारला सादर केला. त्यात नवागत विद्यार्थ्यांसाठी वर्षारंभी परिचय-कार्यक्रम असावा, प्रत्येक विद्यार्थी एकेका शैक्षणिक सल्लागाराकडे सोपवावा, त्या सल्लागाराने त्याला अभ्यासक्रमाची आखणी करण्यास साहाय्य करावे, आणि शिवाय दर हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा, अशा आशयाच्या शिफारशी होत्या. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या त्या माणसाला खेड्यातून येणारा विद्यार्थी पुस्तकातून माहीत करून घ्यावा लागला नव्हता. क्रेडिट, मेजर, मायनर हे शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, निवडीला वाव अगदी थोडा असताना, ही शिफारस झाली होती. आज वाव शतपटीने वाढला आहे आणि शिफारस अद्याप अहवालातच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांच्या परिचय-कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली, ती चांगली आहे. नॅकच्या मूल्यांकनात दर मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी, याचे प्रमाण विचारले जाते, त्यामुळे ‘मेंटॉर-मेंटी’ची नोंदवही बहुतेक महाविद्यालयांच्या दफ्तरात असते. परंतु वही असणे वेगळे आणि भेट होणे वेगळे. दीक्षारंभाच्या नावाखाली सभागृहात पाचशे मुलांना एकाच वेळी बसवून प्राचार्यांचे भाषण, ग्रंथालयाचे नियम आणि परीक्षा विभागाच्या सूचना ऐकवल्या जातात. त्या सभागृहात हात वर करून ‘सर, मला गणित नव्हतं, मी काय घेऊ?’ असे विचारण्याचे धैर्य कोणत्या मुलीला होईल? आणि मेंटॉरची वही भरण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांत तासिका तत्त्वावरील शिक्षक पुष्कळ असतात. या सीएचबीवाल्या शिक्षकाला मोबदला मिळतो तो वर्गावर घेतलेल्या तासांचा. विद्यार्थ्याशी व्हरांड्यात उभे राहून बोलण्यात घातलेला तास कोणत्याच बिलात बसत नाही, आणि पुढील वर्षी तो त्या महाविद्यालयात असेलच याचीही शाश्वती नसते. ज्याचे स्वतःचे उद्या ठरलेले नाही, त्याने दुसऱ्याच्या तीन वर्षांची आखणी करावी, ही अपेक्षा अन्याय्य आहे.

कित्येकांचे म्हणणे असे पडते की अठरा वर्षांची मुले मतदार असतात, त्यांचे त्यांना ठरवू द्यावे, सारी माहिती संकेतस्थळावर आहेच. माहिती आहे, हे मान्य. पण ती शासन निर्णयाच्या आणि परिपत्रकाच्या भाषेत आहे, रकान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांत आहे, आणि शिक्षकांनाही ती दोनदा वाचावी लागते. शिवाय माहिती सर्वांना एकच असते; सल्ला त्या विशिष्ट मुलाचे गुणपत्रक, त्याची ओढ आणि त्याच्या घरची गरज पाहून द्यावयाचा असतो. ज्याला पुढे बी.एड. करून माध्यमिक शाळेत शिक्षक व्हावयाचे आहे, त्याच्या बाबतीत पदवीचा विषय शाळेत शिकवला जाणारा आहे की नाही याला फार महत्त्व आहे. घरची शेती सांभाळून पहिल्या वर्षानंतर कदाचित थांबावे लागेल अशी ज्याला धास्ती आहे, त्याला बाहेर पडण्याच्या आणि परत येण्याच्या मुदती आधी कळल्या पाहिजेत. सुशिक्षित घरातल्या मुलाला हे मामा, मावशी, शेजारचे प्राध्यापक सांगतात; त्याची निवड स्वतंत्र दिसते, पण ती सल्ल्यावरच उभी असते. ज्याला असे कोणी नाही, त्यालाच स्वावलंबनाचा उपदेश करणे न्यायाचे नाही.

यावर करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार खर्चही नाही. सल्ल्याचे तास शिक्षकाच्या कार्यभारात अध्यापनाच्या बरोबरीने धरावेत, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्यांचा मोबदला द्यावा, ही पहिली निकड. सल्ला देणारा शिक्षक शक्यतो विद्यार्थ्याच्या मेजरच्या विभागातला नसावा, म्हणजे संख्येची चिंता त्याच्या जिभेवर येणार नाही. विभागांची पदे एका वर्षाच्या विद्यार्थिसंख्येवर हलू नयेत, निदान नवी घडी बसेपर्यंत त्यांना संरक्षण असावे. शिक्षकाला निर्भय केल्याशिवाय त्याच्याकडून निरपेक्ष सल्ल्याची अपेक्षा धरता येणार नाही. एका तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी ओपन इलेक्टिव्ह मिळून चालवाव्यात. आणि प्रवेश-अर्जातील विषयांचे रकाने नेट कॅफेत अखेरचे भरले जाऊ नयेत: अर्जात केवळ विद्याशाखा आणि मेजर नोंदवावे, मायनर व इलेक्टिव्ह महाविद्यालयात रुजू झाल्यावर, सल्लागाराची भेट झाल्याची सही असल्यावरच निश्चित व्हावेत, आणि पहिले दोन आठवडे ते बदलण्याची मुभा असावी.

दुसरी भेट दुसऱ्या सत्राच्या अखेरीस व्हावी. काही विद्यापीठांनी पहिल्या वर्षी तीन विषय समान ठेवून मेजर कोणते ते दुसऱ्या वर्षारंभी ठरवण्याची पद्धत स्वीकारली आहे, ती मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण तोवर विद्यार्थ्याने तिन्ही विषयांची चव घेतलेली असते आणि दोन सत्रांचे गुण समोर असतात. पण त्या निर्णयाच्या वेळी तर सभागृहातील भाषण मुळीच पुरणार नाही. तेथे समोरासमोर बसावे लागेल, मराठीत बोलावे लागेल, शक्य तर आई किंवा वडील यांनाही बोलावून घ्यावे लागेल, आणि तीन वर्षांचा तक्ता एका कागदावर विद्यार्थ्याच्याच हाताने लिहून घेऊन त्याची एक प्रत त्याच्याजवळ, एक सल्लागाराजवळ ठेवावी लागेल.

यांतले पुष्कळसे विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे. ते परिपत्रक बारावीचा निकाल लागण्यापूर्वी, म्हणजे एप्रिलअखेर, महाविद्यालयांच्या हाती पडले पाहिजे. आणि त्याच्यासोबत वेळापत्रकात प्रत्यक्ष बसणाऱ्या, खरोखर शिकवल्या जाणाऱ्या विषयांचीच यादी, प्रत्येक विषयापुढे त्याला कोणते पूर्वज्ञान लागते आणि तो पुढे कोठे नेतो हे मराठीत दोन ओळींत लिहून, प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या फाटकावर लावावी, तिची एक प्रत गावातल्या नेट कॅफेच्या भिंतीवरही लावावी.